लिटरला चोवीस

गाडी घेतल्यापासून आमच्या मास्तरांना कुणी "कसं काय?" असं विचारलं, तर ते "चोवीस" म्हणायचे. म्हणजे लिटरला चोवीस किलोमीटर. समोरचा माणूस तब्येतीची चौकशी करत असायचा, पण त्याला गाडीचं अ‍ॅव्हरेज ऐकल्याशिवाय सुटका नसायची.

मास्तर म्हणजे माझा नवरा, ओदिरिले. आमच्या कान्ये गावच्या शाळेत त्यांनी उभा जन्म भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर जपानहून आलेली एक जुनी, पांढरी, छोटी गाडी घेतली. किल्ली फिरवली की आतून एक बाई जपानीत काहीतरी बोलायची. काय बोलायची ते देव जाणे. मी तिला सवत म्हणायचे. पण मास्तरांचा जीव तिच्यावर नव्हता, तो जडला होता पेट्रोलच्या काट्याशेजारच्या हिरव्या आकड्यावर. लिटरला आपण किती पळतो, हे गाडी चालता चालता स्वतःच सांगायची.

आमचं गाव टेकडीवर. बाहेर पडायचं म्हणजे लांबलचक उतार. त्या उताराच्या डोक्यावर पोचलं की मास्तर हळूच एक बटण दाबायचे. जुना आकडा पुसला जायचा आणि गाडी घरंगळायला लागली की नवा हिशेब सुरू व्हायचा.

"आणि आत्ता आपण चढ चढून आलो तो?" मी एकदा विचारलं.

"चढ हा रस्त्याचा दोष. गाडीला का बोल लावायचा?"

तसा त्या आकड्याचा कुणाला त्रास नव्हता. त्रास झाला तो थेबेच्या सोयरिकीच्या वेळी.

थेबे हा मास्तरांच्या बहिणीचा मुलगा. त्यानं वाळवंटापलीकडच्या गांझी गावची मुलगी पसंत केली होती. आमच्यात मुलगी मागायला नवरामुलगा जात नाही, त्याची वडीलधारी मंडळी जातात. आणि तिथे मामाशिवाय पान हलत नाही. पहाट फुटता फुटता मुलीच्या दारात हजर व्हायचं. उशीर झाला तर बाहेर उन्हात बसवून ठेवतात, आणि ती गोष्ट पुढची पिढीसुद्धा विसरत नाही. म्हणून आदल्या दिवशीच निघून संध्याकाळपर्यंत गांझीत मुक्कामाला पोचायचं ठरलं.

मास्तर म्हणाले, "सगळे माझ्या गाडीतून जाऊ. एका टाकीत गांझी."

गाडीत आम्ही चौघं. पुढे मास्तर आणि मी. मागे थेबेचे थोरले काका मोलेफी आणि आत्या केलेबोन्ये. मोलेफी काका गाडीत बसले की झोपतात आणि गाडी थांबली की जागे होतात. आत्याबाईंचं तसं नाही. त्यांनी हयात इस्पितळात नर्स म्हणून काढली. त्या झोपत नाहीत आणि कुणाला झोपू देत नाहीत. आम्हा दोघींच्या मांडीवर उद्या खांद्यावर घ्यायची ब्लँकेटं, मास्तर आणि काका कोट घालून. मधे मागविन्यांचा, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, डबा. पहाटे उठून मीच तळल्या होत्या.

"टाकी भरली का, मास्तर?" गाडीत बसताबसताच आत्याबाईंनी विचारलं.

"परवाच भरलीय."

"परवापासून गावभर मिरवताय ना?"

"बाई, चोवीस देते ही. मिरवून किती संपणार?"

कांगपर्यंत सगळं झकास झालं. रस्त्यावर गाढवं उभी, गाई आडव्या. मास्तर प्रत्येकीला हात जोडून पुढे जात होते. आकडा चोवीसच्या आसपास होता. माझ्या हातची मागविनी खाऊन आत्याबाईसुद्धा जरा नरमल्या होत्या.

कांगला पंप आहे, आणि त्यापुढे गांझीपर्यंत नुसतं वाळवंट. पंपावर ट्रकांची ही रांग लागलेली. काटा बराच खाली आला होता. मास्तरांनी रांगेकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं, ओठांतल्या ओठांत गुणाकार केला आणि म्हणाले, "पोचतो आरामात. वर उरेल."

"भरून घ्या," आत्याबाई म्हणाल्या.

"अहो, गाडी स्वतः सांगतेय."

"मास्तर, थर्मामीटरसुद्धा स्वतःच सांगतो. पण आधी तो झटकावा लागतो, नाहीतर मागच्या पेशंटचा ताप सांगतो."

"हे जपानी यंत्र आहे, बाई. तुमच्या इस्पितळातला थर्मामीटर नाही."

खरं सांगायचं तर मलाही रांगेत ताटकळायचा कंटाळा आला होता.

पुढे काही वेळानं काट्याजवळ पिवळा दिवा लागला. तो आम्ही चौघांनी, म्हणजे जागे असलेल्या तिघांनी, एकाच वेळी पाहिला. मास्तरांनी बटण दाबून हिशेब नव्यानं सुरू केला आणि एसी बंद केला. मग खिडकी उघडली. मग हवेनं गाडी मागे ओढली जाते म्हणून खिडकी लावली. कोटाच्या आत ते उकडून निघत होते, पण डोळे आकड्यावर. आकडा बापडा तसाच हसत होता. तेवीस पूर्णांक आठ.

"दिवा उगाच घाबरवतो," मास्तर म्हणाले. "त्याला अ‍ॅव्हरेज कुठे माहीत असतं?"

हे वाक्य संपलं न संपलं तोच गाडीनं एक उचकी दिली. मग दुसरी. मग आवाज बंद झाला आणि आम्ही रस्त्याच्या कडेला वाळूत जाऊन थांबलो.

मोलेफी काका जागे झाले. "आलं गांझी?"

"आलं असतं," आत्याबाई म्हणाल्या.

मोबाइलला रेंज नव्हती. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत काटेरी झुडपं. मास्तर खाली उतरले, टाकीचं झाकण उघडून आत डोकावले, जसं काही आत पेट्रोल लपून बसलंय. चिडायचं मी ठरवलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून चिडता येईना. डबा उघडून मी त्यांच्या हातात एक मागविनी ठेवली. ती त्यांनी न खाता तशीच धरून ठेवली.

"थेबेच्या आईला काय तोंड दाखवू?" ते हळूच म्हणाले.

"आधी गांझीला तोंड दाखवू, मग तिचं बघू," मी म्हटलं.

एक-दोन गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या. मग मागून एक जुनी पिकअप आली आणि थांबली. हौद्यात चार बोकड आणि चाऱ्याची पेंढी. आतून टोपी घातलेला एक आडवातिडवा माणूस उतरला.

"काय झालं, मंडळी?"

"पेट्रोल... जरासं कमी पडलं," मास्तर म्हणाले.

"माझी डिझेलवर चालते, नाहीतर काढून दिलं असतं. पण दोर आहे. गांझीपर्यंत ओढून नेतो. मीही तिकडेच निघालोय. माझं नाव काएलो. उद्या पहाटे भाचीला मागायला पाहुणे येतायत ना, त्यांच्यासाठी गोठ्यावरून हे बोकड आणले."

मास्तरांच्या हातातली मागविनी वाळूत पडली. आत्याबाईंनी माझा दंड असा धरला की वळ उठला. मुलीचा मामा! उद्या ज्याच्यासमोर बसून मुलगी मागायची, तोच मामा!

"आणि तुम्ही कुठले?" काएलोंनी विचारलं.

"आम्ही... शाळेच्या कामाला निघालोय," मास्तर म्हणाले.

काएलोंनी मास्तरांचा कोट पाहिला, काकांचा कोट पाहिला, आमच्या हातातली घडी घातलेली ब्लँकेटं पाहिली. ऊन असं की वाळूवर पाय ठरत नव्हता. "शाळेत थंडी फार असते वाटतं," ते म्हणाले.

"हो ना," आत्याबाई गंभीरपणे म्हणाल्या.

इतक्यात मोलेफी काका गाडीतून डोकं बाहेर काढून मोठ्यानं म्हणाले, "हेच का मुलीच्या घरचे? न्यायला आले वाटतं! किती चांगली माणसं!"

क्षणभर फक्त बोकडच ओरडत होते. मग काएलोंनी जमिनीकडे बघत टोपी सारखी केली. "म्हाताऱ्या माणसांचं असं होतं बघा उन्हात," ते म्हणाले आणि दोर आणायला गेले. पाठमोऱ्या माणसाचे खांदे हसताना कसे हलतात, ते मी त्या दिवशी पाहिलं.

दोर बांधला. स्टिअरिंग अडकू नये म्हणून मास्तरांना किल्ली फिरवावी लागली. जपानी बाई आपलं जे काही असतं ते बोलली आणि पिकअपमागून आमची वरात निघाली. पुढच्या हौद्यातून चारही बोकड आमच्याकडे टक लावून बघत होते.

थोडं अंतर गेलं आणि आत्याबाई पुढे वाकल्या. "मास्तर, आकडा बघा."

आकडा चढत होता. पंचवीस, एकोणतीस, चाळीस. इंजिन बंद, चाकं फिरतायत आणि पेट्रोल एक थेंब जळत नाही. गाडी बिचारी प्रामाणिकपणे गुणाकार करत होती. गांझीची पहिली घरं दिसली तेव्हा तिनं नव्याण्णव पूर्णांक नऊ दाखवले. त्यापुढे तिच्याकडे आकडेच नव्हते.

"अभिनंदन, मास्तर," आत्याबाई म्हणाल्या. "देशात कुणाची देत नसेल."

आधी मला हसू फुटलं. मग आत्याबाईंना. आणि मग मास्तरांना. ते इतके हसले की गाडी वेडीवाकडी जायला लागली आणि पुढून काएलोंनी हॉर्न वाजवला. काका झोपेतच हसत होते.

पंपावर सोडताना काएलो फक्त एवढंच म्हणाले, "शाळेचं काम चांगलं होवो."

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू व्हायच्या आत आम्ही दारात हजर. आत चटईवर त्यांची माणसं, समोर आम्ही, आणि मधोमध काएलो. चेहऱ्यावर ओळखीची सुरकुतीही नाही. मास्तरांनी कोट सारखा केला, घसा साफ केला आणि रिवाजाप्रमाणे, मुलीचं नाव न घेता, म्हणाले, "आम्ही या घरी भोपळाभर पाणी मागायला आलो आहोत."

काएलोंनी कालच्यासारखीच टोपी सारखी केली. मग म्हणाले, "पाणीच ना? नक्की? मंडळी लांबून आलीत. दुसरं काही कमी पडलं असेल तर आत्ताच सांगा."

त्यांच्याकडच्या बायका तोंडाला ब्लँकेटचं टोक लावून हसायला लागल्या. रात्रीत सगळ्या घराला कळलं होतं तर! मला वाटलं, आता मास्तर खचणार. पण ते ताठ बसले आणि म्हणाले, "साहेब, कमी पडली ती माझी अक्कल. ती माझी मी आणीन. पण ज्या घरचा मामा वाटेवरच्या अनोळखी माणसाला ओढून घरी पोचवतो आणि त्याची लाजही राखतो, त्या घरची मुलगी आम्हाला हवी."

हसणं थांबलं. एक म्हातारी "हं" म्हणाली. काएलोंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ऊन वर यायच्या आत सगळं ठरलं. आम्हाला कुणी बाहेर बसवलं नाही.

परत निघताना मास्तरांनी कुणी न सांगता टाकी काठोकाठ भरली, नळी आपोआप थांबेपर्यंत. तिथेच एकदा बटण दाबून जुना आकडा पुसला, मग वाटेत बटणाला हात लावला नाही. कान्येला पोचल्यावर घरी न जाता आधी पंपावर गेले, पुन्हा तितकीच काठोकाठ भरली आणि भागाकार केला. आकडा म्हणत होता वीस. भागाकार म्हणत होता सतरा.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. वाटलं, आता हा माणूस महिनाभर जेवणार नाही.

"म्हणजे खोटारडीच निघाली," मी म्हटलं.

"खोटारडी नाही गं," मास्तर म्हणाले. "आई नाही का, पोराचं थोडं वाढवून सांगते?"

मग त्यांनी पुन्हा पुन्हा मोजलं. चढ धरून, उतार धरून, मला घेऊन, मला वगळून. दर वेळी गाडी जवळजवळ तेवढंच वाढवून सांगायची. मास्तरांना याचा भलताच आनंद झाला. "किती वाढवून सांगते ते एकदा कळलं की तिच्याइतकं भरवशाचं कुणी नाही," असं ते दिसेल त्याला ऐकवायला लागले. आता कुणी "कसं काय?" विचारलं तर उत्तर पूर्वीपेक्षा लांब झालं, एवढाच काय तो फरक.

लग्न गांझीलाच झालं. अख्खं अंगण नाचत होतं, मोठ्या हंड्यात मांस शिजून रेशा रेशा झालं होतं. आणि दोन्ही मामांचा पत्ता नव्हता. शोधत गेले तर दोघं पिकअपचं बॉनेट उघडून उन्हात उभे. काएलोंची पिकअप इतकी जुनी की तिला आकडाबिकडा दाखवताच येत नाही. ती खरी किती देते हे शोधून काढायचा मास्तरांनी विडा उचलला होता.

"जेवायला चला," मी म्हटलं. "नवरानवरी खोळंबलीत."

"आलोच, आलोच," काएलो डोकं वर न काढता म्हणाले.

पुन्हा एकदा बोलावलं, पुन्हा तेच. शेवटी नवरीच स्वतः दोन ताटं घेऊन आली, एक या मामाच्या हातात दिलं, एक त्या मामाच्या हातात दिलं, आणि दोघं पिकअपच्या पायरीवर टेकून, तेलकट हातांनीच, पोरांसारखे जेवायला लागले.