नवं रबर

शनिवारी दुपारी बारकीने आपल्या मोटरसायकलची दोन्ही चाकं काढून ठेवली, कारण रविवारी सकाळी तिचा दादा ती गाडी विकणार होता.

बारकी हे घरातलं नाव. वयाने ती चाळिशी ओलांडलेली होती. इस्पितळात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना "हलू नका" म्हणून बजावायचं आणि संध्याकाळी हेल्मेट चढवून सुसाट निघायचं, हा तिचा शिरस्ता. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती दादाच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आली, तेव्हा पुस्तकांची खोकी, एक गादी आणि ही लाल स्पोर्ट मोटरसायकल एवढंच तिचं सामान होतं. दादा-वहिनी वरच्या मजल्यावर. दादाचं रंगाचं दुकान होतं. दुकानात गिऱ्हाइकाने भिंतीला कुठला रंग द्यावा हे जसं तो ठरवायचा, तसंच घरात कुणी काय करावं हेही.

हिवाळ्यात एका ओल्या उतारावर मागचं चाक निसटलं आणि बारकी पडली. डावं मनगट मोडलं. जन्मभर दुसऱ्यांची हाडं पाहिलेल्या बाईने स्वतःचं हाड पडद्यावर पाहिलं आणि सहकाऱ्याला म्हणाली, "फोटो बाकी छान आलाय." दादाला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. त्याने किल्ली आपल्या खिशात टाकली. पुढे, हातावर प्लास्टर आणि डोक्यात गोळ्यांची गुंगी असताना, "विकून टाकू या" या त्याच्या म्हणण्यावर ती नुसतं "बघू" म्हणाली. बघू म्हणजे हो, असा अर्थ लावून दादाने गिऱ्हाईक शोधलं, आणि शुक्रवारी जेवताना सांगितलं, "परवा सकाळी येताहेत. तू फक्त सही कर."

"मी सही करणार नाही."

"करशील. माणूस दारात आला की तुझ्याच्याने नाही म्हणवत नाही."

हे खरं होतं, म्हणूनच ते बारकीला झोंबलं. समोर कुणी हसतमुखाने उभं राहिलं की तिची जीभ टाळूला चिकटायची. लग्नालाही ती अशीच हो म्हणून बसली होती. तेव्हा नाही म्हणायची वेळच येऊ नये अशी काहीतरी तजवीज करायला हवी होती. आणि टायर तर बदलायचेच होते.

मागच्या टायरची गोलाई केव्हाच गेली होती. मधोमध तो पाटासारखा सपाट झाला होता आणि खाचा इतक्या उथळ की नख अडकेना. पुढच्याच्या कडांना बारीक भेगा. हे तिला पडायच्या आधीही दिसत होतं. आज बदलू, उद्या बदलू करत तिनेच ते पुढे ढकललं होतं.

दादा दुकानात गेल्यावर ती जिन्याखाली जाऊन कामाला लागली. डावा हात अजून आखडलेला. गाडी पुढच्या-मागच्या दोन स्टँडवर चढवताना तिने हाताऐवजी सगळं अंग दांड्यावर टाकलं. मागच्या ॲक्सलचा नट हलेना, तेव्हा पान्यावर सरळ उभी राहिली. नट कटकन सुटला आणि ती भिंतीवर आदळली.

आवाज ऐकून वहिनी खाली आली. "काय मोडलं?"

"काही नाही. चाकं काढतेय."

"अगं, उद्या ती माणसं यायचीयत."

"म्हणून तर."

वहिनी पायरीवर बसली. बारकीने चेन खाली उतरवली, ॲक्सल ओढून काढला, चाक बाहेर घेतलं. वहिनीने त्या सपाट रबरावरून बोट फिरवलं.

"यावर चालवत होतीस तू?"

"हो."

"अक्कल गहाण टाकली होतीस." मग ती उठली, ओढणीला लागलेली काजळी झटकत म्हणाली, "दुकानात नेणार कशी ही धूडं?"

"टॅक्सीने."

"कुठला टॅक्सीवाला घेईल? मी सकाळी तुझ्या दादाची गाडी घेऊन भाजीला निघतेय. डिकी रिकामीच असते."

"दादा काय म्हणेल?"

"तो रोजच काहीतरी म्हणतो."

रविवारी टायरवाल्याने दुकान उघडलं तेव्हा या दोघी दारातच होत्या. टायरवाला गलेलठ्ठ, बोलघेवडा माणूस. चाकं उतरवून घेत त्याने विचारलं, "साहेब नाही आले?"

"कुठले साहेब?" वहिनी म्हणाली.

"गाडी चालवणारे."

"चालवणारी मी," बारकी म्हणाली.

"असं होय. मग तुम्हाला हे घट्ट रबराचे देतो. वर्षानुवर्षं झिजत नाहीत. तुम्ही काय, हळूच चालवणार."

तो हसून बोलत होता. बारकीची जीभ नेहमीसारखी जड झाली. घ्यावेत का हेच, असं क्षणभर तिच्या मनात आलंसुद्धा. मग तिने त्या टायरवर अंगठा दाबून पाहिला. "मला मऊ रबराचे हवेत. वळणावर धरून ठेवणारे."

"ते लवकर झिजतात हो, ताई."

"झिजू देत. झिजले की परत येईन. आता उशीर नाही करणार."

टायरवाल्याने खांदे उडवले आणि आतून हवे ते टायर आणले. जुने उतरवून झाल्यावर त्याने रिकामी रिम यंत्रावर चढवली आणि फिरवण्याआधी थांबला. "पडला होता ना तुम्ही? ओरखडा दिसतोय. रिम वाकली असेल तर मी टायर चढवणार नाही, आधीच सांगतो."

हा विचार बारकीने केलाच नव्हता. रिम वाकली असती तर दादाचंच म्हणणं खरं ठरलं असतं, आणि तेही तिच्याच हाताने. टायरवाल्याने चाक फिरवलं. तो खाली वाकून रिमच्या कडेकडे बघत राहिला, एकदा थांबवून पुन्हा फिरवलं. वहिनीने बारकीचा दंड धरला होता.

"सरळ आहे," तो म्हणाला. "नशीबवान आहात."

त्याने टायरवरचा बाण दाखवून फिरायची दिशा बरोबर असल्याची तिच्याकडून खात्री करून घेतली, तोल साधायला रिमला शिशाचे बारीक तुकडे चिकटवले आणि चाकं डिकीत ठेवताना म्हणाला, "नवं रबर आहे, वरून गुळगुळीत असतं. पहिले काही दिवस जपून." हे मात्र त्याने कुणालाही सांगितलं असतं.

दोघी परतल्या तेव्हा दादा जिन्याखाली उभा होता. शेजारी गिऱ्हाईक, इस्त्रीच्या शर्टातले एक सभ्य गृहस्थ. समोर चाकांविना गाडी दोन स्टँडवर तरंगत होती. दादाचा चेहरा लालबुंद झाला होता.

डिकी उघडताच गृहस्थ खुलले. "अरे वा, नवे टायर घालून देताय? याची खरंच गरज नव्हती."

ते हात पुढे करून तिच्याकडे आले. हसतमुख, दारात उभा माणूस. वहिनी डिकीपाशीच थांबली.

"देत नाहीये," बारकी म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, "गाडी विकायची नाहीये. तुम्हाला उगाच फेरी पडली."

"बारके, मी शब्द दिलाय," दादा म्हणाला.

"माझ्या गाडीचा शब्द तू दिलास. मग तुझ्या गाडीचा मी देते. काका, ही पांढरी बघता का? चार दारं आहेत, डिकी मोठी आहे."

वहिनीने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. गृहस्थांनी एकदा भावाकडे, एकदा बहिणीकडे पाहिलं, "आपसात ठरवा आणि कळवा" म्हणाले आणि काढता पाय घेतला.

दादा गेला नाही. हाताची घडी घालून पायरीवर बसला. बारकीने पुढचं चाक एकटीने बसवलं. मागचं जड होतं. ती जमिनीवर बसली, पायाच्या चवड्यावर चाक उचलून भोकं जुळवू लागली. एका हाताने चेन धरायची, दुसऱ्याने ॲक्सल सरकवायचा. दर वेळी डावं मनगट ऐन वेळी दगा द्यायचं आणि चाक खाली यायचं. ती पुन्हा उचलायची. तिने मदत मागितली नाही.

शेवटी दादाच उठला, गुडघ्यावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी चाक उचललं. "याचा अर्थ मला मान्य आहे असा नाही."

"नाही. थोडं वर. डावीकडे. आता हलू नकोस."

ॲक्सल आत सरकत असताना तो चाकाकडे बघतच म्हणाला, "त्या दिवशी पोलिसांचा फोन आला ना, त्यांनी तुझं नाव नाही सांगितलं. गाडीचा नंबर सांगितला. म्हणाले, ही गाडी कोणाची? मी दुकानातून इस्पितळापर्यंत कसा आलो, मला आठवत नाही."

बारकीचे हात थांबले. हे त्याने कधीच सांगितलं नव्हतं.

"दादा, मी पडले कारण टायर संपला होता आणि मी तो बदलला नाही. ती चूक माझी. मी ती दुरुस्त करतेय. पण तुझी भीती घालवायला मी गाडी सोडणार नाही."

"आणि पुन्हा काही झालं तर?"

"तर तू पुन्हा येशील. मला माहीत आहे. तरीही चालवणार."

तिने नट मोजून आवळला, चेनचा ताण पाहिला, ब्रेक परत परत दाबून कडक झाला की नाही ते तपासलं. दादाचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"किल्ली," ती म्हणाली.

"एका अटीवर..."

"अट नको, दादा. किल्ली."

त्याने खिशातून किल्ली काढली, तिच्या हातात न देता सीटवर ठेवली, आणि काळं बोट लागल्याची खूण तिथे राहिली.

इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं नाही. दुसऱ्यांदा झालं. बारकी रस्त्याला लागली आणि अगदी हळू, आजूबाजूच्या सायकलींना वाट देत निघाली. आरशात पाहते तो मागे पांढरी गाडी. वहिनी चालवत होती, शेजारी दादा मान पुढे काढून बसलेला.

सिग्नलला ती गाडी तिच्या बाजूला येऊन थांबली. दादाने काच खाली केली. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"शाब्बास. अशीच चालव. ऐकलंस शेवटी माझं."

बारकीने हेल्मेटची काच वर केली. "तुझं नाही ऐकलं. रबर नवं आहे, वरचा थर जाईपर्यंत हळू चालवावं लागतं. त्यानंतर माझा वेग माझा मी ठरवणार."

"मग मी मागून येणार."

"ये की. गाठशील असं वाटत नाही."

वहिनी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटली. सिग्नल हिरवा झाला. बारकीने काच खाली घेतली आणि उजवीकडे, नव्या रबराचा अंदाज घेत, जराशी कलून वळली. दादाची गाडी सरळ जाणाऱ्या रांगेत अडकली होती.