सात पौंडांची कॅप

रहिमाननं ओलं पोतं रेडिएटरच्या कॅपवर टाकलं, तोंड बाजूला वळवलं आणि कॅप फिरवली. वाफेचा झोत आलाच नाही. मागच्या दोन्ही वेळा ट्रक कॅप उघडूनच आणला होता, आज पहिल्यांदा ती जागेवर होती. आठवड्यात तिसऱ्यांदा उकळलेल्या या ट्रकपुढे त्यानं आता हात टेकले होते. सयाजीतात्यांच्या पन्नास वर्षांच्या या गाडीला मोडीतल्या बसचं इंजिन त्यानंच बसवलं होतं. मग पाण्याचा पंप खोलला, थर्मोस्टॅट बदलला, सगळं करून झालं.

"रहिमानभाई, शेवटचं सांगतो," तात्यांचा मुलगा निरंजन म्हणाला. तो शिफ्ट संपवून थेट कुरुळीच्या या गॅरेजात आला होता. "इंजिनाला पंधरा पौंड दाबाची कॅप लागते म्हणालात, पंधराची बसवली. आता परत उकळली तर सोमवारी गाडी भंगारात."

तात्या बंपरला टेकून खाली बघत होते. बायको गेल्यापासून रोज सकाळी चाकणपर्यंत एक फेरी, एवढंच त्यांचं उरलं होतं.

"तात्या, पाणी तुम्हीच भरता ना?"

"व्हय. रोज."

"मग कॅप लावा बघू."

तात्यांनी कॅप ठेवून तळव्यानं दाबली. ती पहिल्या खाचेत अडकली. दुसऱ्या खाचेत बसवायला आणखी दाबायला हवी होती. त्यांच्या मनगटाची शीर फुगली, पण कॅप पुढे सरकली नाही.

"बसली," ते म्हणाले आणि हात खिशात घातला.

रहिमाननं वाकून कॅप पाहिली. अर्धवट लागलेली कॅप दाब धरत नाही, आणि दाब नसला की पाणी लवकर उकळतं. पंधराची कडक स्प्रिंग दाबायची ताकद त्या हातांत उरली नव्हती.

"काय झालं?" निरंजननं फोनमधून डोकं वर काढलं.

"चूक माझी." रहिमाननं खणातून सात पौंडांची कॅप काढली. "इंजिन बदललं, पण रेडिएटर जुना पितळी आहे. त्याचे सांधे पंधरा सोसायचे नाहीत. गाडी सावकाश चालवायची, मग सात पुरे."

यात खोटं काहीच नव्हतं. फक्त कॅप बदलण्याचं कारण ते नव्हतं.

तात्यांनी सातची कॅप दोन्ही हातांनी दाबून फिरवली. ती खट्कन दुसऱ्या खाचेत बसली. त्यांनी रहिमानकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली.

"चला, सुटलो," म्हणत निरंजननं मोटरसायकलला किक मारली आणि तो निघूनही गेला.

तात्या केबिनमध्ये चढले आणि त्यांनी ट्रक गॅरेजाबाहेर काढला. बाहेर हमरस्त्यावर कंटेनरची रांग लागली होती. तात्या पुढे झुकून, सगळं अंग टाकून स्टिअरिंग ओढत होते. ते गाडीचं मूळचंच होतं, त्या हातांना कॅपपेक्षा कितीतरी जड. हे रहिमानच्या आता लक्षात आलं.

"तात्या!" तो धावला. थांबवायला त्यानं हात वर केला.

आवाज पोहोचला नाही. आरशात तात्यांना तो हात तेवढा दिसला. ते हसले, आणि त्यांनीही स्टिअरिंगवरचा एक हात काढून खिडकीबाहेर हलवला.