पाचशेची पावती

भागूबाईनं तीन हंगाम ऊस तोडून नऊशे रुपये साठवले आणि घोडेगावच्या बाजारात म्हैस घेतली. दूध विकायचं आणि कोयत्याला कायमचा रामराम ठोकायचा, एवढंच तिचं स्वप्न. म्हशी विकणारा सूर्यभान हेडी बोलायला इतका गोड, की बाईनं म्हशीकडे नीट बघितलंच नाही. कास तटतटलेली होती खरी, पण दोन वेळच्या धारा न काढता तुंबवलेली. घरी पहिल्या दिवशी पाच शेर दूध निघालं, दुसऱ्या दिवशी जेमतेम शेरभर.

पुढच्या बाजारी ती म्हैस घेऊन पायी परत आली. सूर्यभाननं भांडणसुद्धा केलं नाही.

"घेतो की माघारी. पावती दावा."

पावतीवर पाचशे होते. "खरी किंमत कशाला लिवायची? बाजाराची फी वाचंल," असं तोच म्हणाला होता आणि चार रुपये वाचताहेत म्हणून हिनं खुशीत मान डोलावली होती.

"हे घ्या पाचशे."

"नऊशे दिलेत मी!"

"कुनी पाह्यलं? बोली रुमालाखाली बोटांनी झाली, पैसं झाडाआड मोजलं."

हेड्यापेक्षा भागूबाईला स्वतःचाच राग आला. खोट्यात आपणही सामील होतो, आता बोलायचं कुठल्या तोंडानं? पाचशेत धड म्हैस येत नव्हती. म्हणजे पुन्हा ऊसतोड. तेवढ्या विचारानंच ती म्हैस ओढत पावत्या फाडणाऱ्या कारकुनासमोर जाऊन उभी राहिली.

"सायेब, माझी पावती खोटी हाय. नऊशेची म्हस पाचशेला लिवली. ऱ्हायलेली फी घ्या, दंड घ्या, पन खरं लिवा."

"कुणाची म्हैस?"

"सूर्यभान हेड्याची."

कारकुनानं चष्मा चढवला आणि पावतीपुस्तक मागं चाळायला लागला.

"अरे, याच्या सगळ्याच म्हशी पाचशेच्या कशा?"

कुणीतरी ही बातमी पोचवली असावी. सूर्यभान धोतर सावरत धावत आला.

"आवो मावशे, येवड्यासाठी सायबापत्तुर कशाला यायचं?" म्हणत त्यानं टेबलावर नऊशे मोजले. कारकून मात्र पुस्तक मिटेना.

फी आणि दंड भरताना भागूबाईचे डोळे भरून आले. पण ती घरी गेली नाही. पलीकडच्या रांगेत एका म्हाताऱ्याच्या म्हशीपाशी जाऊन बसली.

"बाबा, आत्ताची धार मी काढनार. मुक्काम करून सकाळचीबी काढनार. मंग बोलू."

म्हाताऱ्यानं बादली तिच्या पुढ्यात सरकवली.

"काढा की. वाटलं तर परवाबी काढा."