शकुनचा उजवा कान

शकुनचा डावा कान तिचा होता. उजवा घराचा.

हे कुणी ठरवून दिलं नव्हतं. लग्न होऊन ती अमरावतीच्या या घरात आली, पुढच्या खोलीत तिनं शिलाई मशीन मांडलं, आणि मशीनच्या उजव्या हाताला मधली खोली आली. मधल्या खोलीत दिवाणावर सासरे, भगवंतराव. पुढं मोबाईल आला, इअरफोन आला. तेव्हा डाव्या कानात गाणं गेलं आणि उजवं बोंड ब्लाऊजच्या गळ्यात खोचलेलं राहिलं. शकुन त्याला बोंडच म्हणायची. कापसाच्या देशातली बाई, दुसरं काय म्हणणार.

उजवा कान उघडा. 'शकुन, पाणी.' 'शकुन, पंखा कमी कर.' 'शकुन, या टीव्हीले काय झालं पाय बरं.' पहिल्या हाकेला ओ देणारी सून असं गल्लीत तिचं नाव होतं. नाव घट्ट शिवलेल्या ब्लाऊजसारखं असतं. दिसायला नीट, आणि आत श्वास कुठं घ्यावा ते कळत नाही.

भुलाबाई बसल्या होत्या, गल्लीत रोज संध्याकाळी त्यांची गाणी चालली होती, कोजागिरी जवळ आली होती. लेक आचल अकोल्याला शिकते, ती दोन दिवसांसाठी घरी आली होती. कात्री शोधायला तिनं मशीनचा खण उघडला.

"आई, हे काय जमा करून ठेवलं वं?"

खणात मेलेल्या इअरफोनांचा गुंता होता.

"डावे गेले त्यांचे, परवा शेवटचाही. उजवे चांगले हायेत. फेकू कशी?"

आचलनं एकेक लावून पाहिला. डावी बोंडं घामानं पिवळी पडलेली, वायरी चिरलेल्या. उजवी कोरी करकरीत, जणू दुकानातून आताच आणली.

"तू एकच कान काऊन लावतं?"

"दोन्ही लावले त तुहे आबाजी काय भिंतीले हाका मारतीन?"

"मारू दे ना भिंतीले."

शकुन हसली. पण त्या दुपारी ती हातशिलाई करत बसली आणि तिचा हात सारखा गळ्याशी जात राहिला, बोंडाच्या त्या रिकाम्या जागेशी.

गाण्याचंही एक होतं. आचलची खोलीतली मैत्रीण सीमा परतवाड्याकडची. तिनं आपल्या आईचं आणि मावशीचं भुलाबाईचं गाणं भरून मोबाईलवर पाठवलं होतं. शकुननं ते वर्षभर ऐकलं, तेही डाव्या कानानं. मोठ्यानं लावायची सोय नव्हती, मधल्या खोलीत टीव्ही. गाण्यात एक बाई नदीला विचारते,

*नदी बाई नदी, तुले हाका किती येती,*
*वरून येती, खालून येती, धावशील किती?*

आणि मग काहीच नाही. कुठं विहिरीच्या तळातून काहीतरी पुटपुटल्यासारखं, की पुन्हा प्रश्न. शकुनला वाटलं, गाणंच असं असेल. तिनं ते भुलाबाईच्या मंडळातल्या बायकांना शिकवलं. रिकामी जागा भरायला चतुराबाईनं टाळ्या घातल्या. प्रश्न, टाळ्या, प्रश्न, टाळ्या. सगळ्या पेठेत ते गाणं तसंच पसरलं.

"या वेळी चांगला घेऊ," आचल म्हणाली. "अकोल्याले जठारपेठेत दुकान हाये. कानात घालून, ऐकून मग घेता येते. शिलाईचे पैसे तुहेच हायेत ना?"

गजेंद्र, शकुनचा नवरा, सोबत निघाला. त्याचं रंगाचं दुकान. नवी वस्तू घ्यायची म्हणजे आपण असलंच पाहिजे असं त्याला वाटे. मामाजींजवळ, म्हणजे सासऱ्यांजवळ, शेजारच्या पार्वताबाईला बसवून तिघं एसटीत बसले. मूर्तिजापूर येईस्तोवर गजेंद्रनं मोबाईलवर पाहून ठेवलं होतं, "वायर नसलेलाच घेजो. वायर म्हंजे गेला जमाना."

दुकानदार उसामा तिशीतला, जुन्या शहरात राहणारा. त्यानं मखमली ट्रे समोर ठेवला.

"याले आयईएम म्हणतात ताई. स्टेजवर गाणारे घालतात. बाहेरचा आवाज बंद, अंदर फक्त गाणं. पण पैले माप. हर एकाच्या कानाचं माप अलग."

माप म्हटल्यावर शकुनचा जीव भांड्यात पडला. ते तिला कळत होतं. मधल्या आकाराची रबरी टिप सैल, लहान टिप बाहीसारखी अचूक बसली. वायर कानावरून मागं न्यायची. कानातले वेल आडवे येत होते, ते तिनं काढून आचलच्या हातात दिले. मग मोबाईलवर तेच गाणं लावून, डावं बोंड कानात घालून ती थांबली.

"दुसरा?" उसामा म्हणाला.

"तिले एकच लागते," गजेंद्र म्हणाला.

उसामाचा चेहरा मऊ झाला. "माफ करा. ताईंना उजव्या कानानं ऐकू येत नाही का?"

आचल फसकन हसली. गजेंद्र कानकोंडा झाला, "नाई नाई, तसं नाई..."

"येते," शकुन म्हणाली. "सगळ्याईचं ऐकू येते त्याले. गाणंच तेवढं नाही ऐकलं कधी."

आणि तिनं उजवं बोंड आत बसवलं.

आधी पंखा गेला. मग रस्ता गेला, ऑटो गेले, ज्यूसवाल्याचा मिक्सर गेला. मग आपण कधी इतकं शांत बसलो होतो ते आठवायला ती मागं मागं गेली आणि तिला आठवलं नाही. डावीकडून बाईनं विचारलं, धावशील किती? शकुनचे हात सवयीनं टाळीसाठी जवळ आले. तोच उजवीकडून, अगदी कानाच्या पाळीशी तोंड आणून बोलावं तशी, दुसरी बाई उत्तरली:

*माही वाट मोडून मी काई नाई वळणार,*
*तहान ज्याले लागन, तो काठाले येणार.*

खरखरीत, उन्हात वाळवलेला आवाज. शकुनचे हात तसेच हवेत राहिले. समोर गजेंद्रचे ओठ हलत होते. तो काहीतरी विचारत होता, बोटानं खुणावत होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि बोंड काढलं नाही. गाणं संपेस्तोवर काढलं नाही.

"यात दुसरी बाई हाये," काढल्यावर ती म्हणाली.

"सीमानं दोघीपुढं एकेक माईक ठेवला होता," आचल म्हणाली. "एकीचा आवाज डाव्या कानात, एकीचा उजव्या. तुले मी सांगतलं होतं ना."

"तू सांगतलं असशीन. माह्या डाव्या कानात सांगतलं नाही."

गजेंद्रला ते ऐकायचं नव्हतं. "म्या इतक्या वेळा आवाज देला, तुले काई पत्ता नाही. घरी बाबाईले चक्कर आली मंग? मागच्या उन्हाळ्यात आली होती का नाई?"

ते खोटं नव्हतं. उसामानं लगेच दुसरा जोड काढला, बिनवायरचा. "भाऊ, हा घ्या. यात बटन आहे. दाबलं की बाहेरचं पण ऐकू येते."

"हे पाय. हेच बांधून द्या."

"थांबा," शकुन म्हणाली. "घालणार मी हावो."

तिनं तो घातला. उसामानं बटन दाबलं. बाई विचारत होती, दुसरी उत्तरत होती, आणि दोघींच्या मधे पंखा, ऑटो, मिक्सर आणि गजेंद्र: "शकुन, येते का ऐकू? शकुन?" तिनं तो काढून ट्रेमधे ठेवला, मापात चुकलेला ब्लाऊज बाजूला ठेवावा तसा. तिसरा जोड लावला; त्यात ढोलक एवढी फुगली की बाया तिच्याखाली चेंगरल्या. तोही ठेवला. मग पहिला पुन्हा. साधा, राखाडी, वायरचा.

"हा."

"अवं पण..."

"मशीन फिरवते मी," शकुन म्हणाली. आवाज चढवला नाही. "तोंड मधल्या खोलीच्या दाराकडं करते. कान बंद राहीन, डोळे नाही. दुपारच्या चहापर्यंत जे लागते ते दारात येऊन सांगायचं. मामाजी काठी घेऊन चौकापर्यंत चिवडा खायाले जातेत, दारापर्यंत येतीन. आन् चक्करची इतकी काळजी असन त तुमी दुपारी दुकान बंद करून त्याईच्यापाशी बसत जा. म्या कधी नाही म्हटलं?"

गजेंद्र उसामाकडं वळला. "हिले कधी असं बोलतानी नाई पाह्यलं मी."

"माल चांगला आहे भाऊ," उसामा म्हणाला आणि खोका बांधू लागला.

घरी आल्यावर तिनं खरंच मशीन फिरवलं. फरशीवर मशीनच्या पायांचे जुने डाग उघडे पडले. रविवारी दुपारी ती दोन्ही कान बंद करून बसली. भगवंतरावांनी हाक मारली असणार, एकदा, दोनदा. मग काठी टेकत ते दारात उभे राहिले. शकुननं त्यांना पाहिलं. मान हलवली. कडवं पुरं होऊ दिलं, मग उजवं बोंड काढलं.

"बोला मामाजी."

"पाणी."

"माठ तुमच्या वाटेतच होता."

भगवंतरावांनी मागं वळून पाहिलं. माठ होता. दिवाण आणि दार यांच्या बरोबर मधे, तिपाईवर. ते त्याला वळसा घालून आले होते.

"मले वाटलं तू ऐकत नाही."

"ऐकूनच राह्यली हावो," शकुन म्हणाली, आणि बोंड परत घातलं.

गजेंद्रनं ते खिडकीतून पाहिलं. तिसऱ्या दिवशी दारात येऊन त्यानं हातानं विचारलं, चहा? तिला वाटलं, मागतो आहे. तो देत होता. चहा पातळ होता, साखर जास्त. तिनं प्यायला, आणि साखर जास्त झाली असं सांगितलंही.

कोजागिरीच्या आदल्या दुपारी मंडळ शकुनच्या पुढच्या खोलीत जमलं. तिनं दुसऱ्या बाईचं उत्तर गाऊन दाखवलं.

"हे कुठं होतं इतके दिवस?" चतुराबाई म्हणाली. "आन् मंग आपल्या टाळ्या?"

"टाळ्या राहू द्या. त्या आपल्या हायेत. टाळ्या वाजवून मग उत्तर घेऊ."

त्यांनी सुरुवात केली. प्रश्न झाला, टाळ्या झाल्या. आणि मधल्या खोलीतून आवाज आला, "शकुन, पाणी."

घर शकुनचं, हाक शकुनला. पण खोलीतल्या सगळ्या बायकांच्या माना एकदम उजवीकडं वळल्या. चतुराबाईनं तर उठायला गुडघ्यावर हातही ठेवला. शकुननं ते पाहिलं. आज तिच्या कानात काही नव्हतं. हाक तिनं ऐकली, दोन्ही कानांनी, स्वच्छ.

तिनं चतुराबाईचा हात गुडघ्यावरून उचलून आपल्या हातात घेतला आणि गळा मोकळा सोडला,

*माही वाट मोडून मी काई नाई वळणार...*

एक एक करून बायकांनी सूर धरला. पुढची ओळ सगळ्यांनी मिळून म्हटली. ती ओळ संपता संपता आतून माठावरची झाकणी सरकल्याचा आवाज आला.