बोदलकसापुढचा रस्ता

नागपूरला चैतरामचा अर्धा जबडा काढला त्याला पाच महिने झाले होते. डिसेंबरातल्या एका सकाळी मी त्याला बघायला गेलो, तेव्हा त्याने उशाखालची डायरी काढून त्यात लिहिलं, 'टोल्यावर जाऊ. तुझ्या गाडीत.'

त्याला बोलता येत नव्हतं. नाकातल्या नळीतून पातळ पेज पोटात जायची, आणि गालाच्या जागी जे उरलं होतं ते तो दुपट्ट्याने झाकून ठेवायचा. अक्षर मात्र तसंच सुबक होतं.

तिरोड्याला हिवताप विभागात आम्ही सव्वीस वर्षं सोबत काढली. मी तापाच्या रोग्यांचं रक्त काचपट्टीवर घ्यायचो, तो मायक्रोस्कोपखाली त्यात मलेरिया शोधायचा. मोटारसायकलवरून पडून माझ्या मांडीत रॉड बसला आणि किक मारणं संपलं, तेव्हा मी गोंदियातल्या एका डॉक्टरची जुनी मारुती आठशे घेतली. तीच आमची गाडी. पुढे आम्ही दोघं, मागच्या सीटवर काचपट्ट्यांचे डबे, औषधं आणि मायक्रोस्कोपची पेटी.

बोदलकसाचा तलाव मागे पडला की डांबर संपायचं. पुढे नऊ किलोमीटर मुरूम, दगड आणि दोन नाले, शेवटी बारा घरांचा टोला. मध्ये एक चढ होता. तिथे चैतराम खाली उतरायचा आणि हातात मोठा धोंडा घेऊन गाडीमागे चालायचा, गाडी मागे घसरली तर चाकाखाली टाकायला. मी पहिल्या गिअरमध्ये इंजिन रडवत वर जायचो आणि मागून त्याचं ओरडणं ऐकू यायचं, "चल माय, चल! वर चहा पाजतो तुले!" वर पोचल्यावर तो धोंडा रस्त्याच्या कडेला नीट ठेवून द्यायचा, पुढच्या खेपेसाठी. एकदा नाल्यात चाक रुतलं, तर टोल्यावरच्या चार माणसांनी गाडी उचलून कोरड्या जागी ठेवली, खाट ठेवावी तशी. त्या दिवशी चैतराम इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

गाडी चालवायला तो त्याच रस्त्यावर शिकला. जो चालवत नसेल त्याने प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा आणि दुसऱ्याच्या तळहातावर ठेवायचा, अशी आमची पद्धत होती. त्याला पहिला खर्रा मीच दिला होता. झोप येऊ नये म्हणून.

तर त्या सकाळी मी गाडी काढली. नंदावहिनी, त्याची बायको, दारात उभी होती. "दूर नोका नेऊ," एवढंच म्हणाली. मी तलावापर्यंत म्हणून सांगितलं.

तलावापर्यंत सगळं ठीक होतं. त्याने काच खाली केली आणि पाण्याकडे बघत राहिला. मुरूम लागला तसा पहिला खड्डा आला, आणि त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मी गाडी थांबवली.

"वापस जाऊ गा," मी म्हटलं.

त्याने हाताने पुढे दाखवलं. मी पायी चालण्याच्या वेगाने गाडी नेऊ लागलो. तरी प्रत्येक धक्क्याला तो दोन्ही हातांनी मान धरायचा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी थांबलो की पुन्हा तोच हात, पुढे. चढावर तो उतरला नाही. आता उतरायची गरज नव्हती, तिथे सिमेंट टाकलं होतं. त्याने ते बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

टोल्यावर लीलाबाई अंगणात होती. ऐंशीच्या घरातली गोंड बाई. गाडी ओळखून ती काठी टेकत आली.

"मलेरियावाले बाबू! किती वर्सानं आले!" मग ती गाडीत वाकली, दुपट्ट्यातल्या माणसाकडे बघितलं आणि माझ्याकडे वळली. "हा कोन रोगी आनला?"

तिने मागच्या सीटवर नजर टाकली.

"आन तो कुठी हाय? तुमच्या संग राहे तो, हासणारा?"

चैतराम तिच्यापासून हातभर अंतरावर बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मान अगदी थोडी हलवली. नाही.

"बरा हाय," मी म्हटलं. "घरी हाय."

"त्याच्यासाठी घेऊन जा," म्हणत ती आत गेली आणि उकडलेले शिंगाडे घेऊन आली, गरम, पानात बांधलेले. दर खेपेला ती द्यायची आणि तो खिसे भरून घ्यायचा. तिने ती पुडी मागच्या सीटवर ठेवली. "म्हणा, लीलाबाईनं याद केली."

परत येताना गाडीभर शिंगाड्यांचा वास होता. पुडी फेकून द्यावी असं दोनदा वाटलं. फेकता आली नाही. तलावाशी मी गाडी उभी केली. पाच महिने जे बोलायचं राहिलं होतं ते बोललो.

"खर्रा मीच लावला गा तुले."

त्याने डायरी उघडून मांडीवर धरली. मग लिहिलं, 'मी काय लहान पोट्टा होतो?'

मला रडू आलं, जरा हलकंही वाटलं. पण त्याने डायरी परत ओढून घेतली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली.

'पण तुले काहीच नाही झालं.'

मी गाडी सुरू केली. घर येईपर्यंत तो बाहेर बघत होता, मी रस्त्याकडे.

तीन आठवड्यांनी तो गेला. तेराव्याचं जेवण झाल्यावर नंदावहिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"त्या दिवशी कोठी नेलं होतं यायले? आल्यावर चार दिवस झोपले नाहीत. मान सुजली होती."

मी सगळं सांगितलं. टोला, लीलाबाई, शिंगाडे. शेवटच्या दोन ओळी नाही सांगितल्या. "त्याचाच हट्ट होता, वहिनी. चूक माझी हाय."

"त्यासाठी नाही बोलून राहिली मी." तिचा आवाज चढला. "मले काऊन नाही नेलं, भाऊजी? घरी आले की तेच सांगत. चढ, नाला, गाडी उचलली. सव्वीस वर्सं आयकली मी. एकडाव म्हटलं नाही तुम्ही दोघायनं, की चल."

मागच्या सीटवर डबे असायचे, हे मी सांगणार होतो. पण डबे उचलून मांडीवर घेता आले असते. आम्हा दोघांपैकी कुणाच्याही ते कधी मनात आलं नव्हतं.

"उद्या नेतो," मी म्हटलं.

"आता कायले?" ती म्हणाली, आणि पत्रावळी उचलायला वाकली.