अठरा तासांची जाळी

दीक्षानं बकऱ्याचं कातडं काचेवर पसरलं आणि बोथट सुरीनं चरबी खरवडायला घेतली, तेव्हा प्रयोगशाळेतल्या शेजारच्या टेबलावर, तिच्याबरोबर काम करणाऱ्या राजवीरच्या संगणकात शोधनिबंधाचं पहिलं पान उघडं होतं. वर शोधाचं नाव, खाली दोन नावं, सरांची आणि राजवीरची. तिनं आपलं नाव दोनदा शोधलं. ते शेवटच्या पानावर सापडलं. आभारांत, शिपायाच्या नावाखाली.

तिच्या हातातली सुरी थांबली. अल्ताफ खाटकाच्या दुकानातून कातडं आणायचं, केस काढायचे, खरवडायचं, मग साबणाच्या थंड द्रावणात पेशी धुऊन काढायच्या. उरते ती नुसती जाळी. ती भाजलेल्या जखमेवर ठेवली की तिच्या आधारानं अंगाची स्वतःची कातडी वाढते. सशांवर ती वाढली होती. राजवीरला वास सोसत नाही म्हणून दोन वर्षं हे सगळं दीक्षाच करत होती, आणि किती तास धुवायचं तेही तिनंच शोधून काढलं होतं.

"सर, हे धुणं मी बसवलंय."

सर हसले. तिचं कौतुक ते येईल त्याला सांगत.

"तुझा हात उपजतच आहे गं या कामात. पण नुसता हात म्हणजे संशोधन नव्हे."

उपजत. सर त्या शब्दातून काय म्हणतात ते तिला नेमकं कळलं, आणि सरांनाही ते ठाऊक होतं याचाच तिला जास्त संताप आला.  कातडं तिनं इतकं जोरात खरवडलं की कडेला फाटलं.

संध्याकाळी घरी जेवताना आजीनं, आक्काताईनं, तिचं मनगट धरून नाकाशी नेलं. दोन वर्षं दीक्षा लिंबू चोळून घरी येत होती. छप्पन्न साली आक्काताईच्या सासऱ्यानं साऱ्या वस्तीबरोबर मेलेली जनावरं ओढायचं सोडलं होतं. ज्या घरानं ते काम टाकलं, त्या घरात कातड्याचं नाव कसं काढायचं, म्हणून दीक्षानं हे काम घरी लपवलं होतं. आज मात्र रागाच्या भरात तिनं सगळं सांगून टाकलं, पहिल्या पानापासून शिपायापर्यंत.

आक्काताईनं मनगट सोडलं नाही.

"काम घाण म्हणून आमी सोडलं न्हाय. हात आमचा आन मान दुसऱ्याचा, म्हणून सोडलं. तू परत तेच करतीस व्हय?"

"मग सोडू काय?" दीक्षा भडकली.

"सोड म्हणून कोण म्हणतंय?"

दुसऱ्या दिवशी पुण्याहून पाहुणे आले. ही जाळी आता दवाखान्यातल्या रुग्णांवर लावून बघायची की नाही, ते त्यांच्या शब्दावर होतं. राजवीर इस्त्रीच्या शर्टात पडद्यापाशी उभा राहिला. दीक्षाला सरांनी मागं, हात धुवायच्या बेसिनपाशी उभं केलं, कातडं दाखवायची वेळ आली तर असावी म्हणून.

पाहुण्यांपैकी पिकल्या केसांच्या बाईंनी तिसऱ्याच चित्रावर हात वर केला. सगळे चोवीस तास धुतात, तुम्ही अठराला का थांबलात?

राजवीरनं पुढचं चित्र लावलं, पुन्हा मागचं लावलं. मग त्यानं बेसिनकडं पाहिलं.

"दीक्षा, सांग की," सर म्हणाले.

"मी कशी सांगणार, सर?" तिचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायचा प्रयत्न तिनं केला नाही. "पहिल्या पानावर ज्यांची नावं हाईत त्यांना विचारा. मी शेवटच्या पानावर हाय. आभारांत."

सरांचा चेहरा उतरला. नंतर बोलू, असं काहीतरी ते पुटपुटले. दीक्षानं हातमोजे काढले, बेसिनच्या कडेवर ठेवले आणि पुढच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली.  उद्यापासून इथं येता येईल की नाही, हे तिला माहीत नव्हतं.

बाईंनी पेन उघडलं.

"तुमचं नाव काय?"

"दीक्षा गणपती कुरणे," ती म्हणाली, लिहून घेता येईल इतकं सावकाश.

बाईंनी ते लिहिलं. अठरा तासांचं कारण तिनं त्यानंतर सांगितलं.