चौकट

जागृतीने सुईच्या टोकाने ‘e’च्या पोटातला मळ काढला, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने खिळा पुसला आणि टाइपरायटर खिडकीच्या उजेडाकडे वळवला. आता ‘a’ आणि ‘o’ राहिले होते. बोरगाव मेघेतली वीज सकाळीच गेली होती, ती सहाच्या आत येणार नव्हती. पोस्ट मात्र पाचला बंद होणार होतं. पुण्याच्या औषध कंपनीला आजच्या शिक्क्यापर्यंतचेच अर्ज चालणार होते. आज चुकलं की प्रयोगशाळेतली ती जागा गेलीच.

“काय करून राह्यली वं?” बाबाराव दारातून म्हणाले. “दिवाळी हाये का टाइपरायटरची?”

“अर्ज वाचणाऱ्या मशीनले साफ अक्षर लागते, बाबा. ‘e’चं पोट भरलं असलं तर तिले वाचता येत नाई.”

“कॉम्प्युटर झोपला, मंग माह्या म्हाताऱ्याची आठवण आली. ऊठ, बसू दे मले.”

ते म्हाताऱ्यासमोर बसले. घराची पुढची खोली हेच बाबारावांचं टायपिंग इन्स्टिट्यूट. एके काळी इथे आठ टाइपरायटर होते, आता तीन. पण सिंदी रेल्वेपासून गिरडपर्यंत कुठल्याही गावच्या कचेरीत विचारावं, कुणाचा ना कुणाचा पहिला अर्ज इथे टाइप झालेला निघे. प्रत्येक अर्जाला बाबारावांच्या हातची चौकट असे. एक x, एक टिंब, पुन्हा एक x, अशी चारही बाजूंनी फिरत यायची आणि कोपऱ्यात बिनचूक मिळायची. “साहेबाची नजर पहिले चौकटीवर पडली पाहिजे,” ते प्रत्येकाला सांगत. “नाव मंग वाचू दे त्याले.” तानबाची मुलगी नर्स झाली, हरिदास तहसिलीत लागला. दोघांच्याही घरी त्या चौकटीतल्या कागदाची प्रत अजून जपून ठेवलेली होती.

त्यांनी कागद चढवला, सरळ केला आणि सवयीने x वर बोट ठेवलं.

“चौकट नाई, बाबा.”

“काऊन?”

मागचे तीन अर्ज गेले, उत्तर एकाचंही आलं नव्हतं. या खेपेच्या जाहिरातीत तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की अर्ज आधी यंत्र वाचेल. शंका आली की बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलून पाहायची, हे जागृती एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत शिकली होती. गेल्या आठवड्यात तिने एकच मजकूर एकदा चौकटीत आणि एकदा चौकटीशिवाय टाइप केला आणि स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरवाल्याकडे स्कॅनर लावून वाचून घेतला. यंत्राने काय वाचलं, त्याचे दोन कागद तिने आता वडिलांपुढे ठेवले.

दुसऱ्या कागदावर सगळं ओळीने उतरलं होतं. पहिल्यावर नुसती खिचडी होती. जागृतीचं नाव त्यात कुठेच सापडत नव्हतं.

बाबारावांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पहिलाच कागद बराच वेळ पाहिला.

“मागचे तिन्ही चौकटीतच गेलते?”

“हो.”

त्यांनी दोन्ही कागद घडी न घालता बाजूला ठेवले. रिबन थोडी पुढे घेतली.

“सांग.”

ती सांगत गेली. नाव. पत्ता. पदवी. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतली दोन वर्षं. जाहिरातीत उपकरणांची जी नावं होती, तीच तिने शब्दाला शब्द सांगितली, कारण यंत्र तेच शब्द शोधणार होतं. अधोरेखन नाही, रकाने नाहीत, एकाखाली एक ओळ. तिची आई, मीराबाई, चहा घेऊन आल्या आणि कागदाकडे पाहून म्हणाल्या, “उघडाबोडका दिसते बाप्पा.”

“आता जात अन् सर्टिफिकेटचा नंबर,” बाबाराव म्हणाले.

“थे बी नाई. कंपनीनं मागितलं नाई.”

टकटक थांबली. “त्या ओळीनंच हरिदास लागला, जागृती.”

“माहीत हाये, बाबा. सरकारी अर्जात मी बी लिहीन. मान वर करून लिहीन. इथं फक्त शिक्षण अन् काम पाह्यते.”

बाबारावांनी रूळ मागे फिरवून कागदाची पहिली ओळ समोर आणली. जागृती बाबाराव गजभिये. इंग्रजीत, ठळक, चारही बाजूंनी मोकळी.

“हे आडनाव वाचते मशीन?”

“वाचते.”

“वाचून मंग?”

“मंग काई नाई. खालच्या ओळीवर जाते.”

“साहेबासारखं थांबत नाई थ्या नावापाशी?”

“नाई, बाबा.”

त्यांनी x वरून हलकेच बोट फिरवलं, जणू धूळ पुसावी.

“मंग चौकटीचं कामच नाई,” ते म्हणाले. त्यांनी कागद पुन्हा शेवटच्या ओळीवर आणला आणि पाठ सरळ केली. “सांग पुढं. पाचले पोस्ट बंद होते.”